चिनी नववर्ष: अमावास्येला सुरुवात, पौर्णिमेला कंदील

गेल्या वर्षी २९ जानेवारी, यंदा १७ फेब्रुवारी, पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारी. चिनी नववर्षाची बातमी दर वर्षी वेगळ्याच तारखेला येते आणि सोबत लाल कंदिलांचे फोटो आणते. दोन आठवड्यांनी 'कंदील महोत्सव' म्हणून जवळपास तसेच फोटो पुन्हा येतात. त्यात इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणीतरी नोव्हेंबरातच 'आमच्याकडे चायनीज लँटर्न फेस्टिव्हल चालू आहे' म्हणून व्हिडिओ पाठवलेला असतो. मग चिनी माणूस नववर्ष साजरं करतो तरी कधी?

घरात भिंतीवर कालनिर्णय असेल तर यातलं निम्मं कोडं त्यावरच सुटतं.

तारीख सरकते, तिथी नाही

चिनी महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो. महाराष्ट्रातला महिना अमावास्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदा येते, म्हणजे फरक जेमतेम एका दिवसाचा. चिनी नववर्षाचा पहिला दिवस ही आपल्याकडची अमावास्या असते आणि कंदिलांची रात्र ही पहिल्या महिन्याची पंधरावी रात्र, म्हणजे पौर्णिमेची. ही जोडी फार तर एखाद्या दिवसाने मागेपुढे होते. आपल्याला ती हललेली दिसते, कारण आपण ती इंग्रजी तारखांवर मोजतो.

आता ती नेमकी किती हलते ते पाहू. अमावास्या ते अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, त्यामुळे चंद्राचं वर्ष दर वेळी अकरा दिवस आधी संपतं. हे असंच चालू दिलं तर सण ऋतू सोडून भटकायला लागतील. हिजरी कालगणनेत ते भटकतात, म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात येतो तर कधी थंडीत. चिनी आणि हिंदू पंचांगांनी मात्र वेगळी वाट धरली. वारीत पुढे गेलेली दिंडी मागच्यांसाठी विसाव्याला थांबते, तसं चंद्राचं वर्ष फार पुढे गेलं की एक जादा महिना थांबतं. आपण त्याला अधिक महिना म्हणतो. दोन्हीकडे एकोणीस वर्षांत साधारण सात वेळा असं थांबावं लागतं.

कोणता महिना अधिक धरायचा, याचा नियमही दोन्हीकडे जवळपास एकच आहे. सूर्याच्या वार्षिक वाटेचे बारा समान भाग पाडायचे. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य एकही सीमा ओलांडत नाही, तो अधिक. आपण सीमा ओलांडण्याला संक्रांत म्हणतो, एवढंच.

चीनमध्ये आणखी एक खुंटा पक्का आहे: सर्वांत लहान दिवसाचा, २१-२२ डिसेंबरचा. तो दिवस अकराव्या महिन्यातच पडला पाहिजे. त्यामुळे सहसा त्यानंतरच्या दुसऱ्या अमावास्येला नवं वर्ष लागतं आणि ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या आसपासच फिरतं. हे गणित आज नानजिंगची पर्पल माउंटन वेधशाळा करते.

मग आपला पाडवा जवळ का येत नाही?

कधी कधी येतो, आणि यंदा तर बराच जवळ आला आहे. २०२५ मध्ये चिनी नववर्ष २९ जानेवारीला होतं, म्हणजे कुंभमेळ्यातल्या मौनी अमावास्येच्याच दिवशी. गुढीपाडवा त्यानंतर दोन महिन्यांनी, ३० मार्चला आला. २०२६ मध्ये चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला आणि पाडवा १९ मार्चला. अंतर एका महिन्यावर आलं.

कारण, चीनने आपला अधिक महिना २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्येच घेऊन टाकला. आपला अधिक ज्येष्ठ मात्र २०२६ च्या १७ मेपासून. मधल्या काळात ते आपल्यापेक्षा एक महिना जास्त थांबलेले आहेत. आपला अधिक झाला की अंतर पुन्हा पूर्ववत होईल.

नियम एकच असेल तर महिने वेगळे का पडतात? कारण बारा सीमा दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी आखल्या आहेत. चिनी पंचांग दिवस-रात्रीच्या लहानमोठेपणावरून, म्हणजे ऋतूंवरून मोजतं. ही सायन पद्धत. आपलं पंचांग ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं, ती निरयन. दोन्हींत आज साधारण २४ अंशांचा फरक पडला आहे. म्हणूनच सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरात आणि आपण मकरसंक्रांत करतो १४-१५ जानेवारीला. तिळगूळ वाटून झाल्यावर 'उत्तरायण तर कधीच सुरू झालं' असं सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. चिनी पंचांग त्या काकांच्या बाजूचं आहे.

'चांद्र नववर्ष' म्हणावं की 'चिनी'?

निव्वळ गणिताने पाहिलं तर 'चांद्र' अपुरं आहे, कारण सूर्याला धरून अधिक महिना घेतला जातो. पण भांडण गणिताचं नाहीच. व्हिएतनामचा तेत आणि कोरियाचा सोलाल हे सणही याच अमावास्येला येतात. त्या लोकांना आपल्या सणाला 'चिनी' म्हटलेलं का रुचेल? एखाद्या देशाचा सण त्या देशाच्या नावाने ओळखावा, हे मला तरी बरं वाटतं.

शिवाय हे सण दर वेळी एकाच दिवशी येतातच असंही नाही. अमावास्येचा क्षण जगभर एकच असतो, पण तेव्हा कुठल्या देशात कोणती तारीख चालू आहे हे तिथल्या घड्याळावर ठरतं. २०२७ मध्ये हा क्षण बीजिंगच्या घड्याळात ६ फेब्रुवारीच्या रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी आहे. सोल एक तास पुढे, तिथे ७ तारीख लागलेली असेल. त्यामुळे चीनचं नववर्ष ६ तारखेला, कोरियाचं ७ ला.

१९८५ मध्ये तर कमाल झाली. आदल्या डिसेंबरातल्या, म्हणजे १९८४ च्या सर्वांत लहान दिवसाचा क्षण बीजिंगमध्ये मध्यरात्र उलटल्यावर आला आणि एक तास मागे असलेल्या हनोईत मध्यरात्रीआधी. तेवढ्याने अकरावा महिना कोणता हेच दोघांचं वेगळं ठरलं. व्हिएतनामने तेत २१ जानेवारीला केला, चीनने नववर्ष २० फेब्रुवारीला. एका तासापायी सण एक महिना लांब गेला.

जपानने हा प्रश्न मुळातूनच काढून टाकला. १८७३ पासून ते १ जानेवारीला नववर्ष करतात.

पंधरा दिवस करतात काय?

पहिली गोष्ट म्हणजे घरी जातात. या सणाच्या आगेमागे चाळीस दिवसांचा प्रवासाचा हंगाम असतो. २०२५ मध्ये या चाळीस दिवसांत ९०० कोटी प्रवास झाले असा सरकारी आकडा आहे. त्यातले बहुतेक स्वतःच्या गाडीने, तर ५० कोटींहून अधिक रेल्वेने. गणपतीला कोकणची तिकिटं काढताना जो जीव वरखाली होतो, तो चीनमध्ये अख्ख्या देशाचा होतो. कारखाने बंद असतात, कामगार गावी असतात, आणि आपल्याकडचे व्यापारीही चीनमधून माल मागवताना ही सुट्टी धरूनच ऑर्डर देतात.

घरातली तयारी आठवडाभर आधी सुरू होते. स्वयंपाकघरात चुलीच्या देवाचं चित्र असतं. हा देव वर्षभर घरातलं सगळं पाहतो आणि वर्षअखेरीला स्वर्गात जाऊन मुख्य देवाकडे अहवाल देतो. म्हणून निरोप देताना त्याच्या ओठांना चिकट, गोड साखरपाक फासतात. काही म्हणतात, त्याने गोड बोलावं म्हणून. काही म्हणतात, दातखीळ बसून त्याला काही बोलताच येऊ नये म्हणून. दुसरं कारण मला जास्त प्रामाणिक वाटतं.

वर्षाच्या आदल्या रात्री सगळ्या कुटुंबाचं एकत्र जेवण, हाच सणाचा खरा गाभा. उत्तरेत त्यात सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, म्हणजे डम्पलिंग हवेतच. पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, लक्ष्मी झाडली जाईल म्हणून. मुलांना लाल पाकिटात पैसे मिळतात. दुसऱ्या दिवशी लेकी-जावई माहेरी. पाचव्या दिवशी धनदेवतेचं स्वागत आणि बऱ्याच दुकानांची उघडणी. मग हळूहळू गर्दी ओसरते, लोक कामावर परततात आणि पंधराव्या रात्री कंदील लावून सणाची सांगता होते. या दिवशी चीनमध्ये सार्वजनिक सुट्टीही नसते. लोक कामावरून सुटून कंदील पाहायला जातात.

कंदिलांचीच रात्र का?

यामागच्या कथा अनेक आहेत. त्यातली एक फार लाघवी आहे. स्वर्गाच्या सम्राटाचा लाडका क्रौंच पृथ्वीवर उतरला आणि गावकऱ्यांनी तो मारला. चिडलेल्या सम्राटाने ठरवलं, पहिल्या महिन्याच्या पंधराव्या रात्री ते गाव जाळून टाकायचं. त्याच्या मुलीला दया आली आणि तिने गावाला आधीच सावध केलं. एका शहाण्या माणसाने तोड काढली: प्रत्येक घरावर लाल कंदील टांगा, रस्त्यात शेकोट्या पेटवा, फटाके उडवा. देवदूतांनी वरून पाहिलं तर गाव आधीच जळत होतं. ते तसेच परतले.

इतिहासाकडे वळलं तर या रात्रीचं महत्त्व वेगळ्याच गोष्टीत दिसतं. तांग राजवटीत (६१८ ते ९०७) राजधानी चांगआन ही चौकोनी मोहल्ल्यांची, तटबंदीची नगरी होती. संध्याकाळी नगारा वाजला की मोहल्ल्यांचे दरवाजे बंद. नंतर रस्त्यावर सापडलेल्या माणसाला छडीचे वीस फटके, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. वर्षभर रोज रात्री ही संचारबंदी. ती उठायची फक्त कंदिलांच्या रात्री, आधीचा आणि नंतरचा दिवस धरून तीन रात्री.

घरंदाज बायका-मुलींनाही त्या रात्री बाहेर पडता यायचं. चेहरे उजेडात दिसायचे, गर्दीत चुकामूक व्हायची, कुणी कुणाला शोधत फिरायचं. चिनी कवितेत कंदिलांची रात्र प्रेमाची रात्र झाली ती यामुळे. ७१३ मध्ये राजवाड्याच्या दाराबाहेर ५० हजार दिव्यांचं प्रचंड चक्र उभारल्याची नोंद आहे. पुढे सोंग राजवटीत तीनाच्या पाच रात्री झाल्या आणि मिंग सम्राट योंगले याने त्या दहा केल्या. कंदिलांवर कोडी लिहून चिकटवायची आणि उत्तर देणाऱ्याला बक्षीस द्यायचं, हा प्रकार सोंग काळात रुजला आणि आजही चालतो.

कंदिलांतला सर्वांत हुशार प्रकार म्हणजे धावत्या घोड्यांचा कंदील. बाहेरून तो साधा कागदी पेटीसारखा दिसतो. आत मधोमध एक उभी काडी, ती टोकावर सहज फिरते. काडीच्या वरच्या टोकाला तिरक्या पात्यांचं कागदी चक्र आणि आडव्या तारांवर कापून लावलेले घोडेस्वार. खाली मेणबत्ती लावली की तापलेली हवा वर चढते, तिरक्या पात्यांना ढकलते आणि चक्र फिरू लागतं. घोड्यांच्या सावल्या कागदाच्या भिंतींवरून एकामागून एक धावतात आणि कधीच एकमेकांना गाठत नाहीत. वाफेच्या टर्बाइनमध्ये जे तत्त्व आहे त्याच्याच जवळचं हे, फक्त मेणबत्तीवर चालणारं.

खाण्यात या रात्री चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे असतात, गरम पाण्यात तरंगणारे. दक्षिणेत पीठ मळून त्यात सारण भरून हाताने वळतात. उत्तरेत उलटं: तीळ-साखरेच्या सारणाचे टणक चौकोनी तुकडे करायचे, पाण्यात बुडवायचे, कोरड्या पिठाच्या परातीत टाकून परात हलवत राहायची. पीठ चिकटलं की पुन्हा पाणी, पुन्हा पीठ. असं बऱ्याचदा केल्यावर गोळा तयार होतो. कोणता प्रकार खरा यावर उत्तर-दक्षिणेत दर वर्षी वाद होतो.

यंदाची कंदिलांची रात्र ३ मार्चला आहे. ती आपली फाल्गुनी, होळीची पौर्णिमा. त्याच संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहणही आहे आणि चीनमध्ये ते सात ते आठच्या दरम्यान, ऐन कंदिलांच्या वेळी खग्रास असेल. लाल कंदिलांवर लाल चंद्र.

नोव्हेंबरात परदेशात दिसतात ते कुठले?

तो सण नव्हे, प्रदर्शन. तिकीट काढून पाहायचं. यामागे बहुधा एकच शहर असतं: सिचुआन प्रांतातलं झिगोंग. हे मुळात मिठाचं गाव. जमिनीखालचं खारं पाणी काढण्यासाठी इथल्या लोकांनी बांबूच्या साधनांनी इतकं खोल खणलं की १८३५ मध्ये त्यांची एक विहीर हजार मीटरच्या खाली पोचली. मिठाचा पैसा आला आणि कंदिलांची हौस वाढली. १९६४ पासून तिथे आधुनिक पद्धतीचा कंदीलमेळा भरतो.

झिगोंगचे कारागीर लोखंडी सळ्या आणि तारांचा सांगाडा जोडतात, आत दिवे बसवतात, वर रंगीत रेशमी कापड ताणून गोंदाने चिकटवतात आणि मग कडांवर रंगांच्या छटा देतात. काही आकृत्या चिनी मातीच्या बशा-वाट्या दोऱ्याने बांधून करतात, तर काही रंगीत पाणी भरलेल्या औषधाच्या हजारो छोट्या बाटल्यांच्या. चाळीस फुटी ड्रॅगन जवळून पाहिला तर खवल्यांच्या जागी बशा दिसतात.

हे कारागीर परदेशांत जाऊन महिनोन्‌महिने राहतात आणि जागेवरच कंदील उभे करतात. इंग्लंडमधल्या लाँगलीट सफारी पार्कात २०१४ पासून हिवाळ्यात, नाताळच्या गर्दीसाठी हे होतं. फिलाडेल्फियात तर उन्हाळ्यात. तारखा यजमानाच्या सोयीने ठरतात, त्यामुळे त्या चिनी पंचांगात शोधू नयेत. कला अस्सल, मुहूर्त बाजाराचा.

आकाशात सोडतात ते धोकादायक नाहीत का?

आहेत. आणि ते टांगायच्या कंदिलांपेक्षा वेगळेही आहेत. बांबूच्या कड्यावर पातळ कागदाची पिशवी, खाली पेटता बोळा. आतली हवा तापून हलकी होते आणि पिशवी वर जाते. तिसऱ्या शतकातला सेनानी झुगे लियांग याने वेढ्यातून निरोप पाठवायला हे शोधले अशी आख्यायिका आहे. कंदिलांच्या सणात हे सोडण्यासाठी सगळ्यांत प्रसिद्ध जागा चीनमध्ये नसून तैवानमध्ये आहे: तैपेईजवळचं पिंगशी. डोंगरातलं, हिवाळ्यातही पावसाचं, ओलं गाव. तिथे आग लागण्याची भीती कमी. हीच गोष्ट दुसरीकडे नेली की घात होतो. २०२० सालच्या पहिल्या मिनिटांत जर्मनीतल्या क्रेफेल्ड इथे असाच उडता कंदील प्राणिसंग्रहालयाच्या माकडघरावर पडला आणि तीसहून अधिक प्राणी जळून मेले. त्या राज्यात अशा कंदिलांवर २००९ पासूनच बंदी होती. मुंबई पोलिसांनीही शहरात उडत्या कंदिलांवर मनाईचे आदेश काढलेले आहेत.

चीनच्या मोठ्या शहरांत ते सोडू देत नाहीत. तिथली भीती फटाक्यांची जास्त. २००९ मध्ये कंदिलांच्याच रात्री बीजिंगमध्ये सरकारी दूरचित्रवाणीच्या नव्या मुख्यालयाशेजारचा उघडायच्या बेतात असलेला हॉटेलचा मनोरा फटाक्यांनी पेटला. त्यात एक अग्निशामक जवान गेला. फटाके त्या वाहिनीनेच मागवलेले होते.

कम्युनिस्ट देशात हे चालतं कसं?

सणाला पहिला विरोध कम्युनिस्टांनी केलाच नाही. राजेशाही गेल्यावर १ जानेवारी १९१२ पासून प्रजासत्ताकाने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं. १९२० च्या दशकाच्या शेवटी राष्ट्रवादी सरकारने जुनं नववर्ष बंदच करायचा घाट घातला, पण लोकांनी दाद दिली नाही आणि काही वर्षांत तो बेत बारगळला. उलट १९४९ मध्ये कम्युनिस्ट सरकारने 'वसंतोत्सव' या नावाने तीन दिवसांची सुट्टी दिली. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ मध्ये, ती गेली आणि १९८० मध्ये परत आली. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने या सणाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. यंदा सुट्ट्या जोडून नऊ दिवसांच्या केल्या आहेत. लोकांनी खर्च करावा ही सरकारचीच इच्छा असताना कोण कशाला अडवेल?

आणि घोड्याचं वर्ष म्हणजे?

बारा वर्षांना बारा प्राणी. २०२५ साप, २०२६ घोडा, २०२७ बोकड. यंदा जानेवारीत जन्मलेलं मूल सापाच्याच वर्षातलं, कारण वर्ष १७ फेब्रुवारीला बदलतं. बारा प्राण्यांशी दहा खुणांचं दुसरं चक्र जोडलं की पूर्ण आवर्तन साठ वर्षांचं होतं. प्रभव, विभव असे आपले संवत्सरही साठच. यंदाचा आहे तो 'अग्नी-घोडा'. तो याआधी १९६६ मध्ये आला होता. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते असा जपानमध्ये समज होता. निव्वळ त्यापायी तिथले जन्म आदल्या वर्षीच्या १८ लाख २० हजारांवरून १३ लाख ६० हजारांवर आले आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढले. सण जपानने १८७३ मध्येच हलवला होता. प्राणी मात्र सोडले नव्हते.

मुंबईत काही होतं का?

होतं, छोट्या प्रमाणात. माझगावच्या नवाब टँक रोडवर सी यूप कून हे १९१९ चं चिनी देऊळ आहे. बाहेरून लाल रंगाचं दुमजली घरच वाटतं. खाली करुणेची देवी ग्वान यिन, वर योद्धादेव ग्वान गोंग. एके काळी गोदीच्या आसपास चिनी खलाशी आणि कारागिरांची चांगली वस्ती होती. १९६२ च्या युद्धानंतर बरीच कुटुंबं पांगली. उरलेली नववर्षाच्या आदल्या रात्री इथे जमतात, उदबत्त्या लावतात, बाराला नवं वर्ष धरतात. कोलकात्यात तंग्रा आणि टिरेटा बाजारात याहून मोठा सोहळा असतो, सिंहनृत्यासकट. माझगावला यंदा ती रात्र १६ फेब्रुवारीची, सोमवारची.